पोतं असो की बार, कंबर एकच

नव्यानं डेडलिफ्ट शिकणाऱ्या पोरापोरींसाठी आणि रोज ओझं उचलणाऱ्या सगळ्यांसाठी

वैराग, बार्शी भागातल्या आपल्या वस्त्यांत हल्ली संध्याकाळी एक नवं चित्र दिसतं. दिवसभर आडतीवर पोती वाहून, नाहीतर सेंट्रिंगच्या कामावरून आलेला पोरगा तोंडावर पाणी मारतो, चहा घेतो आणि जिमला निघतो. काही घरांतल्या मुलीही जाऊ लागल्या आहेत. ही चांगली गोष्ट आहे. व्यसनाच्या अड्ड्यापेक्षा जिमचा उंबरा केव्हाही बरा.

पण त्यातलीच काही पोरं महिन्या-दोन महिन्यांनी कंबर धरून बसलेली दिसतात. विचारलं की एकच नाव निघतं, डेडलिफ्ट. मग घरचे म्हणतात, ते जिमबिम बंद कर. व्यायाम सुटतो, कंबरदुखी मात्र राहते. म्हणून या वेळी आरोग्य पानावर डेडलिफ्ट नीट कशी करायची, हेच सविस्तर घेतलं आहे.

डेडलिफ्ट म्हणजे काय?

जमिनीवर ठेवलेला लोखंडी बार दोन्ही हातांनी धरायचा, सरळ उभं राहायचं आणि तो परत जमिनीवर ठेवायचा. एवढंच. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार असतात, त्यातला हा शेवटचा.

तुम्ही जिमला जात नसाल तरी हा लेख तुमच्यासाठी आहे. भरलेला हंडा उचलताना, गॅसची टाकी सरकवताना, धान्याचं पोतं पाठीवर घेण्याआधी, झोपलेलं लेकरू उचलताना आपण हीच हालचाल करतो. घरगुती गॅसमध्ये १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढंच टाकीचं वजन असतं, म्हणजे भरलेली टाकी जवळपास ३० किलोची. आपल्या घरातल्या बाया ती शिकवण्याशिवायच उचलतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामातून उठवणारं जगातलं पहिल्या नंबरचं कारण हेच. पगारी माणूस आजारपणाची रजा टाकतो. आपल्याकडे कंबर धरली की त्या दिवसाची हजेरी गेली, आठवडाभर धरली की दुकानाची उधारी वाढली. हातावर पोट असलेल्या घरात कंबर हेच भांडवल असतं.

वेठीचं ओझं, मर्जीचं ओझं

ओझं उचलणं आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नव्हती. वतनाच्या नावाखाली आपल्या आज्यापणज्यांनी सरकारी माणसाचं सामान या गावातून त्या गावात वाहिलं. ती वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतन दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतनं प्रत्यक्ष रद्द व्हायला १९५८चा कायदा यावा लागला.

ओझ्यालाही मर्यादा असते, हेसुद्धा लढूनच मान्य करून घ्यावं लागलं. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी कामगार संघटित केले, बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ सालीच सांगितलं होतं की प्रौढ पुरुषानं एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त वजन वाहू नये आणि बायांसाठी मर्यादा त्याहून बरीच कमी असावी.

हे इथं सांगण्याचं कारण आहे. जिममध्ये पोरगा स्वतःच्या मर्जीनं वजन उचलतो, ही आपल्या इतिहासात मोठी गोष्ट आहे. पण बाजूला उभे असलेले मित्र म्हणतात, "टाक अजून एक प्लेट, काय बायल्यासारखं करतो," आणि तो टाकतो. दुसऱ्याच्या शब्दाखातर स्वतःच्या कमरेवर ओझं घेणं ही परत वेठच झाली. आणि "बायल्यासारखं" हा शब्दही सोडून द्या. आपल्या वस्तीतल्या बाया रोज किती वजन उचलतात ते एकदा मोजून बघा.

कंबर का दुखावते?

आपल्या कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. "गादी सरकली" म्हणतात ती हीच. बहुतेक वेळा त्रास सगळ्यात खालच्या दोन गाद्यांना होतो, कारण वरचा सगळा भार तिथं येतो.

आता एक साधा हिशोब बघा. पाठीचे स्नायू मणक्यापासून साधारण ५ सेंटीमीटर मागे असतात. तुम्ही २० किलोचा डबा मणक्यापासून ३० सेंटीमीटर पुढे धरला, तर तो तोलायला त्या स्नायूंना सहापट, म्हणजे १२० किलोच्या भाराएवढा जोर लावावा लागतो. तोच डबा अंगाजवळ, १५ सेंटीमीटरवर आणला की जोर निम्म्यावर, ६० किलोवर येतो. वजन तेच, डबा तोच, फरक फक्त अंतराचा. आपल्या आज्या कळशी कमरेवर टेकवून आणायच्या, हात लांब करून नाही. त्यांनी हा हिशोब अंगानं शिकला होता.

दुसरी गोष्ट सकाळची. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्या उठल्या कंबर ताठ वाटते आणि वाकताना गादीवर ताण जास्त येतो. पहाटे पाचला उठून सव्वापाचला जड डेडलिफ्ट करू नका. तासभर हिंडा-फिरा, घरकाम करा, मग वजनाला हात लावा. पहाटे ऊसतोडीला जाणाऱ्यांनीही पहिली मोळी उचलण्याआधी थोडं चालून अंग मोकळं करावं.

एक गैरसमजही काढून टाकू. पाठ जरा गोल झाली म्हणजे मणका मोडला, असं नसतं. शरीर काचेचं नाही, हळूहळू सवय लावली की ते भार पेलायला शिकतं. धोका असतो तो सवय नसताना एकदम जास्त वजन घेण्यात आणि थकल्यावर ओढत राहण्यात.

आधी काठी, मग बार

डेडलिफ्टचं मूळ एकाच गोष्टीत आहे, खुब्यातून वाकणं. आपण बहुतेक जण कमरेतून वाकतो, म्हणजे पाठीची कमान करतो. खुब्यातून वाकायचं म्हणजे पाठ सरळ ठेवून बूड मागं न्यायचं. दोन्ही हातांत घमेलं असताना बाई दार पाठमोरी लोटते, ती हालचाल आठवा.

घरीच शिका, पैसे लागत नाहीत.

भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा. आता बूड मागं नेऊन भिंतीला टेकवा आणि परत सरळ व्हा. जमलं की पाऊल अजून थोडं पुढं घ्या.

मग झाडूचा दांडा किंवा वेळूची काठी पाठीवर उभी धरा. एक हात मानेमागं, एक हात कमरेमागं. काठी डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे. वाकताना या तिन्हीपैकी एकही जागा सुटली तर पाठ गोल झाली किंवा मान उचलली गेली, असं समजा. रोज दहा वेळा, दोन आठवडे एवढंच करा. कंटाळा येईल, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून पाण्याचे कॅन घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच लिटरचे दोन कॅन दोन्ही पायांच्या बाजूला ठेवून उचला, ही झाली १० किलोची डेडलिफ्ट. पाणी वाढवत न्या. वजन बाजूला असल्यानं ते आपोआप अंगाजवळ राहतं, म्हणून नवशिक्याला बारपेक्षा हे सोपं जातं.

बार उचलताना

१. पाय: खुब्याएवढं अंतर ठेवून उभे राहा. बार पावलाच्या बरोबर मध्यावर, नडगीपासून साधारण दोन बोटं पुढं असावा.

२. पकड: बार न हलवता खुब्यातून वाका आणि पायांच्या जरा बाहेरून दोन्ही हातांनी धरा. दोन्ही तळवे आपल्याकडे, अंगठा बारभोवती. एक हात उलटा धरायची पद्धत नवशिक्यानं करू नये.

३. नडगी: गुडघे एवढेच वाकवा की नडगी बारला टेकेल. बूड गुडघ्यापेक्षा वर आणि खांद्यापेक्षा खाली राहील. फार खाली बसू नका, ही उठबस नाही.

४. छाती आणि काख: छाती पुढं काढा. काखेत वर्तमानपत्राची घडी धरली आहे आणि ती पडू द्यायची नाही, अशा काखा आवळा. मान पाठीच्या रेषेत, नजर चार-पाच हात पुढं जमिनीवर. आरशात बघायला मान वर करू नका.

५. श्वास: पोटात श्वास भरा आणि कुणी पोटात बुक्की मारणार असल्यासारखं पोट कडक करा.

६. उचलणं: हिसका देऊ नका. आधी हात ताणून बारवर हळूहळू जोर आणा, मग पायांनी जमीन खाली दाबा. बार नडगी आणि मांडीला घासतच वर यावा. बूड आणि खांदे एकाच वेळी वर आले पाहिजेत. बूड आधी वर गेलं तर सगळा भार कमरेवर पडतो. नवशिक्यांची सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे.

७. वर: सरळ उभे राहा, बूड आवळा, थांबा. मागं रेलायचं नाही.

८. खाली: आधी बूड मागं, बार मांडीवरून खाली, गुडघा ओलांडला की मग गुडघे वाकवा. बार सोडून देऊ नका, ठेवा. श्वास घ्या, पुन्हा पहिल्यापासून.

लहान जिममध्ये एक अडचण असते. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून सुमारे साडेबावीस सेंटीमीटर उंच राहतो. पाच-दहा किलोच्या बारक्या प्लेटी लावल्या की बार फार खाली जातो आणि पाठ गोल केल्याशिवाय हातच पोचत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या किंवा जुने टायर ठेवून बार नडगीच्या मध्यापर्यंत उंच करा.

मऊ तळाचे जाड बूट आणि चप्पल नकोत. सपाट कॅनव्हासचे बूट घाला, नाहीतर अनवाणी करा. कमरेचा पट्टाही सुरुवातीला नको, आधी स्वतःच्या पोटाचा पट्टा तयार होऊ द्या. आणि लक्षात ठेवा, मोठा बार रिकामा असतानाच २० किलोचा असतो. सुरुवातीला तेवढाही पुरे.

किती आणि कधी?

आठवड्यातून दोन दिवस. पाच ते आठ वेळा उचलणं, असे तीन फेर. प्रत्येक फेरी संपताना "अजून दोनदा उचललं असतं" असं वाटलं पाहिजे. तिन्ही फेर नीट जमले तरच पुढच्या वेळी अडीच ते पाच किलो वाढवा.

ज्यांनी दिवसभर हमाली केली किंवा मोळ्या वाहिल्या, त्यांच्या कमरेचा व्यायाम त्या दिवशी झालेला असतो. त्या संध्याकाळी डेडलिफ्ट नको. सुट्टीच्या किंवा हलक्या कामाच्या दिवशी करा.

सांगलीचा संकेत सरगर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पानटपरी चालवणाऱ्या घरातला पोरगा. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक आणलं. सुवर्ण एका किलोनं हुकलं, आणि त्यासाठी झटताना त्याचं कोपर दुखावलं. त्याचा खेळ वेटलिफ्टिंगचा, पण जमिनीवरून वजन उचलण्याची सुरुवात डेडलिफ्टसारखीच. वर्षानुवर्षं प्रशिक्षकाच्या हाताखाली घडलेल्या खेळाडूलाही टोकाच्या वजनाला इजा होते. तो देशासाठी त्या टोकाला गेला. आपल्याला मित्रांच्या मोबाईलमधल्या व्हिडिओसाठी जायचं कारण नाही.

सम्यक व्यायाम

अष्टांगिक मार्गातलं सहावं अंग सम्यक व्यायाम. तिथं व्यायाम म्हणजे प्रयत्न. त्याचे चार भाग विहारात आपण ऐकतो: नसलेला दोष येऊ न देणं, असलेला दोष सोडणं, नसलेला गुण मिळवणं, असलेला गुण राखणं. डेडलिफ्टलाही हे चारही लागू पडतात. हिशोबाबाहेरच्या वजनाची सवय लागू देऊ नका. हिसका मारण्याची लागली असेल तर वजन कमी करून ती सोडा. खुब्यातून वाकणं शिका. शिकलात की घरात, कामावर, सगळीकडे तसंच वाका.

सोण भिक्खूची गोष्टही आठवा. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त यायला लागलं, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांबद्दल विचारलं. फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही.

पोतं, हंडा, साउंड बॉक्स

पोत्याला बारसारखी मूठ नसते. एक गुडघा जमिनीला टेका, पोतं मांडीवर ओढून घ्या, छातीशी मिठीत धरा आणि मग पायांच्या जोरावर उठा. ५० किलोचं पोतं दोघांनी मिळून उचला. वजन हातात असताना कंबर पिळू नका, पावलं वळवा. जड वस्तू जमिनीवर ठेवायचीच नाही, ओट्यावर किंवा विटांच्या थरावर ठेवायची, म्हणजे वाकणं निम्म्यावर येतं. पाण्याचा हंडा भरतानाही हीच युक्ती.

१४ एप्रिलच्या तयारीत स्टेजच्या फळ्या, साउंड बॉक्स, जनरेटर उचलायला सगळे उत्साहानं पुढं होतात. एकानं मोठ्यानं "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम उचलायचं, असा नियम मंडळानं करावा.

बायांनी हे विशेष वाचावं

वजन उचलल्यानं बाईचं शरीर बिघडतं, हा समज खोटा आहे. नीट उचललं तर हाडं बळकट होतात, आणि पाळी गेल्यानंतरच्या वयात त्याची फार गरज असते. मात्र बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल असतात. तेव्हा लगेच जड उचललं तर अंग बाहेर येण्याचा त्रास होऊ शकतो. बाळंतपणानंतर तपासणी करून, हलक्यापासून सुरुवात करा. शिंकताना लघवी होत असेल किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर लाजून गप्प बसू नका. आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा. यावर उपाय आहेत.

डब्यातली पावडर की पितळीतलं अन्न?

साधारण ५५ किलोच्या माणसाला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम, तेवढ्याच हरभऱ्यात २० ग्रॅम आणि सोयाबीनच्या वड्यांत ५० ग्रॅम असतात. एका अंड्यात ६ ग्रॅम. भाकरी, मटकी, सोलापुरी शेंगाचटणी, अंडी, सुकट यांत काम भागतं. हजारो रुपयांच्या डब्यासाठी घरखर्चाला हात लावू नका. आणि कुणी "लवकर बॉडी बनते" म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या, तर त्या जिमची पायरी सोडा. त्यानं हृदय, यकृत आणि वंध्यत्वाचे आजार ओढवतात.

दुखलं तर?

साधी कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप कमी होते. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चालत-फिरत राहा. मेडिकलमधून रोज वेदनाशामक गोळी घेऊन कामावर जाणं घातक आहे, त्यानं पोटात जखमा होतात आणि किडनीला मार बसतो. दर आठवड्याला कमरेत सुई टोचून घेणं हाही उपचार नाही.

पण खालीलपैकी काही असेल तर थांबू नका:

– लघवी अडली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला. जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा आला. पायातली ताकद गेली. ही तातडीची वेळ आहे. १०८ला फोन करा, त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जा.
– दुखण्याबरोबर ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना. मणक्याचाही टीबी होतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत मिळतं.
– पडल्यावर किंवा मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं, विशेषतः वयस्कर माणसात.
– वजन उचलताना जांघेत गाठ येणं. हा हर्निया असू शकतो.
– छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी.

चाळिशी ओलांडलेल्यांनी सुरुवात करण्याआधी बीपी तपासून घ्यावा. श्वास कोंडून वजन उचललं की बीपी एकदम चढतो. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं, वजन हलकं ठेवावं आणि वर येताना तोंडानं श्वास सोडत यावं.

विहारापासून सुरुवात

रविवारी वंदनेनंतर विहाराच्या अंगणात अर्धा तास काढता येईल. प्रत्येकानं घरून एक काठी आणायची. जोडीजोडीनं एकमेकांची पाठ बघायची, काठी तीन ठिकाणी टेकते का ते तपासायचं. जिमला जाणाऱ्या पोरांनी हमाली करणाऱ्या काका-मामांना हे दाखवावं, आणि पोत्याला हात कुठं घालायचा ते त्यांच्याकडून शिकावं. जे माथाडी काम करतात त्यांनी आपली मंडळात नोंदणी आहे का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावं. नोंदणी असेल तर भविष्यनिर्वाह निधी, भरपाई, दवाखान्याच्या सवलती यांवर हक्क सांगता येतो.

पुढच्या रविवारी काठी घेऊन या.

जय भीम, नमो बुद्धाय.